ऑक्टोबरमागे ठेवलेलं पत्र

तिर्झाचं पत्र येऊन सात आठवडे झाले होते आणि लुबर्ट वार्तेना यांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. लिहिलं नव्हतं असं मात्र नाही. अकरा वेळा लिहिलं होतं. दहा वेळा फाडून टाकलं, आणि अकरावं, शाईच्या पेनानं कागदाच्या पाठपोट लिहिलेलं, संडासात टांगलेल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरात, ऑक्टोबरच्या पानामागे क्लिप लावून ठेवलं होतं.

जागा विचार करून निवडली होती. झुत्फेनमधल्या त्या अरुंद घरात आतून कडी लागणारं दार तेवढं एकच. पुस्तकांच्या खोलीत त्यांची बायको अलैदा दर गुरुवारी आवराआवर करायची आणि तिच्या हातून कागदाचा कपटाही सुटत नसे. कॅलेंडरात नावं लिहिण्याचं काम मात्र लग्नापासून लुबर्टकडे होतं. त्यासाठी खिळ्याला दोऱ्यानं पेन्सिलही बांधलेली होती. आणि ऑक्टोबरात या नात्यागोत्यात कुणीच जन्मलेलं नव्हतं. त्या पानाकडे कोण कशाला जाईल?

तिर्झा ही त्यांची एकुलती एक नात. अठरा वर्षांची, देवेंतरला राहणारी. तिनं लिहिलं होतं:

"प्रिय आजोबा, मोबाइलवर विचारलं असतं, पण तिथे तुम्ही फक्त 'बरं' एवढंच लिहिता, म्हणून पत्र. मला होखस्कूलमध्ये, हातचं काम शिकवणाऱ्या कॉलेजात जाऊन कृत्रिम पाय बनवायला शिकायचंय. बाबा म्हणतात, सहा वर्षं विद्यापीठाकडे नेणाऱ्या वरच्या शाळेत घासलीस ती काय लोकांच्या पायांची मापं घ्यायला? विद्यापीठात जा, तिथे माणूस चालतो कसा याचं शास्त्र आहे. मी म्हटलं, चालतो कसा ते ज्यांना शोधायचंय त्यांनी शोधावं, मला ज्याला चालता येत नाही त्याला चालवायचंय. तीन रविवार भांडलो. शेवटी बाबा म्हणाले, आपल्यात विद्यापीठात पहिल्यांदा गेले ते आजोबा, ते सांगतील ते मला मान्य. म्हणून विचारते. विद्यापीठात शिकल्याचा तुम्हाला कधी पश्चात्ताप झाला का? नाव नोंदवायची मुदत एक मे. तुमची तिर्झा."

अडचण अशी होती की लुबर्ट विद्यापीठात शिकलेच नव्हते.

विद्यापीठ त्यांनी आतून पाहिलं होतं, अगदी खालून पाहिलं होतं. अकरा वर्षं तिथल्या ग्रंथालयाच्या तळघरात ते पुस्तकांची ढकलगाडी ढकलत. संध्याकाळी मासळीच्या दुकानावरच्या खोलीत ग्रंथपालांचा दोन वर्षांचा वर्ग भरायचा, तो त्यांनी पुरा केला. पुढे झुत्फेनच्या वाचनालयात नोकरी लागली आणि निवृत्त होईपर्यंत ते तिथेच राहिले. पण त्याआधी, १९६३ साली, अलैदाच्या वडिलांनी विचारलं होतं, "काय करता आपण?" ते नोटरी होते आणि चष्म्याच्या वरून बघायचे. लुबर्ट म्हणाले, "मी विद्यापीठात असतो." यात खोटं काहीच नव्हतं. उरलेलं नोटरीसाहेबांनी आपल्या मनानं भरून घेतलं असावं, कारण लग्नाच्या जेवणात त्यांनी पेला उंचावून "आमचे विद्वान जावई" असं म्हटलं. तेव्हाच उठून खुलासा करायला हवा होता. पण तेवढ्यात सूप आलं. सूप निवेल म्हणून लुबर्ट गप्प बसले, आणि त्यानंतर चौपन्न वर्षांत तशी सोयीची वेळ आलीच नाही.

खोटं ते एकदाही बोलले नाहीत. दर वेळी फक्त गप्प बसले. मुलगा रूलोफ विद्यापीठात जायचं म्हणाला तेव्हा गप्प बसले. त्याच्या पदवीदानाला तिथले म्हातारे प्राध्यापक भेटतील, कुठल्या वर्षाचे तुम्ही म्हणून विचारतील, या धास्तीनं त्यांनी त्या दिवशी ताप आल्याचं सोंग घेतलं आणि अलैदालाही उशाशी बसवून ठेवलं. त्या तापाची आठवण झाली की अजूनही त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या.

आता नातीला "विद्यापीठात जा" म्हणावं तर तिचं नुकसान. "होखस्कूलला जा" म्हणावं तर रूलोफ विचारणार, बाबा, तुम्ही असं म्हणता? आणि मग सगळंच सांगावं लागणार. अकराव्या पत्रात त्यांनी सगळं सांगितलं होतं. पाकीट आणायचं तेवढं राहिलं होतं. पाच आठवडे राहिलं होतं.

एकोणतीस एप्रिल, शनिवार. लुबर्टना अठ्ठ्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. पाहुणे अकराला यायचे होते. पावणेअकराला संडासात जायचं, पत्र काढायचं, कोटाच्या आतल्या खिशात घालायचं, असा त्यांनी बेत केला होता. साडेदहालाच बेल वाजली. दारात अलैदाची थोरली बहीण विलेमीन उभी. वय ब्याऐंशी, चाळीस वर्षं शाळेत भाषा शिकवलेली.

"अभिनंदन, लुबर्ट. अलैदा, नवऱ्याबद्दल अभिनंदन," ती म्हणाली आणि कोट त्यांच्या हातात दिला. "गप्पा मागून. आगगाडीतलं बंद होतं." आणि ती सरळ संडासात गेली. कडी लागली.

ती बारा मिनिटांनी बाहेर आली. लुबर्ट हातात तिचा कोट घेऊन तिथेच उभे होते.

"तुझं अक्षर अजून चांगलं आहे हं," विलेमीन म्हणाली.

कॅलेंडरातली नावं बघितली असणार, असं लुबर्टना वाटलं. सगळेच बघतात. आपलं नाव अजून आहे ना याची खात्री केल्याशिवाय त्या खोलीतून कुणी बाहेर येत नाही. ते आत वळणार एवढ्यात पुन्हा बेल वाजली. अलैदाचा धाकटा भाऊ हारमेन आला होता, आणि त्याच्या मागे रूलोफ आणि तिर्झा. रूलोफच्या बायकोची, हॅन्नेकेची, आज रुग्णालयात ड्यूटी होती. रीतीप्रमाणे सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं. मग खुर्च्या गोल मांडल्या गेल्या आणि ज्याचा वाढदिवस त्याला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवण्यात आलं, जिथून कुणाचे तरी गुडघे ओलांडल्याशिवाय उठता येत नाही.

"मी जरा..." लुबर्ट म्हणाले.

"बस," अलैदा म्हणाली. "केक कोण कापणार? कॉफी कोणाला? हारमेन, मोठा कप देते."

सफरचंदाच्या केकचा एकेक तुकडा सगळ्यांच्या बशीत गेला. अलैदा त्या दिवशी कॉफीला फारच उदार झाली होती. कप अर्धा झाला की ती भरायची. लुबर्टनी मनात हिशेब केला. एरवी या घरात माणशी दोन कप, आणि आज अजून सव्वाअकरा झाले नव्हते तर तिसरा.

"झुत्फेनचं पाणी हल्ली जड झालंय," ते अलैदाला म्हणाले. "जास्त कॉफी बरी नाही."

"तुम्हाला कधीपासून पाण्यातलं कळायला लागलं?" हारमेन हसला. तो नळकाम करायचा. पंचेचाळीस वर्षं त्यानं या गावच्या मोऱ्या सांभाळल्या होत्या. भावंडांत एकटा हातानं काम करणारा म्हणून नोटरीसाहेबांनी त्याच्या नावानं कधी पेला उंचावला नव्हता. त्यानं कप खाली ठेवला आणि तो उठला. "बरं दाजी, आलोच जाऊन."

आणि लुबर्टच्या तोंडून निघून गेलं, "जाऊ नकोस. फ्लश बिघडलाय."

हारमेनचा चेहरा हळूहळू उजळत गेला. निवृत्त झाल्यापासून त्याला कुणी इतकं चांगलं काही सांगितलं नव्हतं.

"आणि हे मला आत्ता सांगताय? दाजी, तुम्ही म्हणजे कमाल आहात. अवजारांची पेटी गाडीतच आहे."

पेटी आली. आतून आधी ठणठण ऐकू आली, मग पाणी पडल्याचा आवाज. नंतर काहीच ऐकू येईना. शांतता दहा मिनिटं टिकली. लुबर्टनी कॉफीचा कप गुडघ्यावर टेकवला.

"बाबा," रूलोफ म्हणाला, "तुमचं पत्र कधी येणार? सोमवार शेवटचा दिवस आहे. हिनं घरात माझं जगणं मुश्कील केलंय."

"लिहितोय."

"सात आठवडे?"

"शब्द जुळवतोय."

"दोन ओळी पुरे आहेत, बाबा. विद्यापीठ की होखस्कूल. मी शब्द दिलाय, तुम्ही म्हणाल ते. तुम्ही काय म्हणणार ते मला माहीतच आहे म्हणा."

"मग विचारलंच कशाला?" तिर्झा बशीकडे बघत म्हणाली. केकमधल्या बेदाण्यांची तिनं कडेला रांग लावली होती. तिनं आजोबांकडे पाहिलं नाही, आणि ते न पाहणं लुबर्टना नेमकं बोचलं. पोर सात आठवडे रोज टपालपेटी उघडून बघत असणार.

"काहींना पत्र लिहायला वेळ लागतो," विलेमीन म्हणाली. "सात आठवडे म्हणजे काहीच नाही. काही पत्रांना चौपन्न वर्षंसुद्धा लागतात."

लुबर्टचे कान तापले. चौपन्न हा आकडा तिला कुठून सुचला? त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती शांतपणे केक खात होती.

इतक्यात हारमेन हात पुसत आला. "फ्लशला काही झालेलं नाही. मी इतका चांगला फ्लश बऱ्याच दिवसांत पाहिला नाही." तो खुर्चीत बसला आणि लुबर्टकडे बघत राहिला. जुन्या घराची भिंत फोडल्यावर आत अनपेक्षित पाइप दिसावा, तसा. मग जरा पुढे वाकून म्हणाला, "दाजी, त्या तळघरातल्या गाडीची चाकं कुरकुरायची का हो? तेल कोण घालायचं?"

लुबर्टना ठसका लागला.

"कसली गाडी?" रूलोफनं विचारलं.

"काही नाही. तू जाऊन ये जरा."

"मला जायचं नाहीये, मामा."

"जा रे. फ्लश बघून ये. शिकलेला माणूस आहेस, तुला काय दिसतं ते सांग."

रूलोफ गेला. आता लुबर्टच्या लक्षात आलं होतं, पण लक्षात येणं आणि तसंच असणं यात काही अंतर असेल, अशी त्यांना आशा होती. विलेमीनचे गुडघे आणि हारमेनची अवजारांची पेटी ओलांडून ते बोळात गेले. कडीवरची चकती लाल होती. दाराला कान लावायची त्यांना लाज वाटली, म्हणून ते नुसते जवळ उभे राहिले. आतून पेन्सिलीची खरखर येत होती. बराच वेळ येत होती. नावं लिहायला एवढा वेळ लागत नाही.

ते परत येऊन खुर्चीत बसले. बागेच्या दारानं निघून जावं असं त्यांच्या मनात आलं, पण कोट बोळात होता आणि बाहेर गार होतं.

रूलोफ बाहेर आला तेव्हा त्याची नजर गालिच्यावर होती. खिडकीकडे जाताना त्यानं वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या घरात खांद्यावर हात ठेवायची पद्धत नव्हती. मग त्यानं, कुणाला न विचारता, केकचा दुसरा तुकडा घेतला. तीही पद्धत नव्हती. अलैदानं नुसती भुवई उचलली.

"आता मी," तिर्झा म्हणाली.

रूलोफ अर्धवट उठला. "तिर्झा, तू नको. म्हणजे आत्ता नको. मला परत जायचंय."

"बाबा, मी अठरा वर्षांची आहे. संडासला जायला सही आणायची का?"

ती गेली. कडीचा आवाज आला. बाप आणि आजोबा दोघे समोरासमोर बसून एकाच दाराकडे बघत होते, आणि दोघांचे कान सारखेच लाल झाले होते. लुबर्टना त्याही अवस्थेत नवल वाटलं, याला काय झालं? माझी लाज आहे, माझी मला पुरे.

"अजून कॉफी, लुबर्ट?" अलैदानं विचारलं.

"नको."

"घे. तुलाही जायचंय की नंतर."

तिर्झा यायला तेवीस मिनिटं लागली. तिच्या हातात मोबाइल होता आणि डोळे पुसल्यासारखे दिसत होते, पण ओठ दाबून धरले होते. हसू आवरताना ती लहानपणापासून तसे धरायची. "आजोबा," ती म्हणाली, "आता तुमचा नंबर."

सगळ्यांनी गुडघे बाजूला केले. एवढी वाट त्या वर्तुळातून आजवर कुणाला मिळाली नव्हती. लुबर्ट आत गेले आणि त्यांनी कडी लावली.

कॅलेंडर एप्रिलवर होतं. पत्र ऑक्टोबरमागे नव्हतं. ते एप्रिलवरच, एकोणतीस तारखेच्या बरोबर वर, क्लिप लावून टांगलेलं होतं. आणि त्याच्या चारही कडा पेन्सिलीनं भरल्या होत्या.

वर विलेमीनचं, शाळेतल्या बाईंचं अक्षर. "दुसरा परिच्छेद अनावश्यक. 'क्षमा कर' सात वेळा आलंय, एकदा पुरे. 'तुझे लेग चांगले होवोत' असलं इंग्रजी माझ्या वर्गात कुणी लिहिलं नसतं, 'पाय' लिही. बाकी उत्तम. दहापैकी आठ गुण. नऊ मी कुणाला देत नाही."

त्याखाली हारमेन, ठळक अक्षरात, मोजमाप लिहावं तसं. "फ्लश ठीक आहे. दाजी, मला वाटायचं तुम्ही मोठे विद्वान, म्हणून पन्नास वर्षं तुमच्याशी फक्त नळांबद्दल बोललो. मी पण वाचतो. बरंच वाचतो. घरी कपाटात आहेत. कुणाला सांगितलं नाही."

डाव्या कडेला, कागद आडवा धरून, रूलोफ. "बाबा, मला १९९१ पासून माहीत आहे. नाव नोंदवायला गेलो तेव्हा मोठ्या रुबाबात म्हटलं, माझ्या वडिलांचं नाव जुन्या यादीत बघा. नव्हतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. आणि माझा शेवटचा प्रबंध कधी पुरा झालाच नाही. पदवीदान झालंच नाही. त्या दिवशी तुम्हाला ताप आला म्हणून मी सुटलो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तेही बोललो नाही. हॅन्नेकेला माहीत नाही."

लुबर्टनी हे दोनदा वाचलं. जे पदवीदान नव्हतंच, ते चुकवायला त्यांनी एक आख्खा दिवस गरम पाण्याची पिशवी कपाळावर धरली होती. ते हळूच झाकणावर बसले.

रूलोफच्या मजकुराखाली तिर्झा. "आजोबा, मी विचारलं होतं पश्चात्ताप झाला का. तुम्ही लिहिलंय, शिकलो नाही याचा नाही, सांगितलं नाही याचा. हे मला पुरे. होखस्कूलला नाव नोंदवलं, इथेच बसून, बारा वाजून चार मिनिटांनी. बाबांनी शब्द दिलाय, आणि आता मोडायची त्यांची हिंमत नाही. पण हे पत्र मिळालं असं समजू नका. संडासात सापडलं, मिळालं नाही. मला पोस्टानं हवंय."

अगदी खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात आणखी एक मजकूर होता. तो पेन्सिलीनं नव्हता, बॉलपेननं होता, आणि त्यावर पंचवीस मार्च अशी तारीख होती.

"लुबर्ट, या घरात संडास कोण धुतं असं तुला वाटतं? तू पाठवशील म्हणून थांबते. वाढदिवसापर्यंत नाही पाठवलंस तर मी हे एप्रिलमध्ये हलवणार आणि कॉफी जास्त करणार. माझ्या वडिलांनी लग्नाआधीच ग्रंथालयात चौकशी केली होती. घरी येऊन म्हणाले, मुलगा गाडी ढकलतो, पण सरळ ढकलतो. 'विद्वान' वगैरे ते आपल्या भावकीसाठी म्हणाले. तू कधी बोलला नाहीस, मग मीही विचारलं नाही. अ."

लुबर्ट किती वेळ बसले ते त्यांना समजलं नाही. चौपन्न वर्षं जे झाकलं ते झाकलेलं नव्हतंच, हे वाचून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण आधी आठवले ते चौपन्न वर्षांतले सगळे प्रसंग, जेव्हा अलैदा समोर बसून त्यांना गप्प बसताना बघत होती. दर वेळी. सूप वाढताना सुद्धा.

दारावर टकटक झाली. "लुबर्ट," विलेमीनचा आवाज आला, "उठ आता. बाकीच्यांचंही वय झालंय, त्यांनाही जायचंय."

ते बाहेर आले. खोलीत चीजचे तुकडे आणि मोहरी लावलेल्या सॉसेजच्या चकत्या फिरत होत्या. हारमेन रूलोफला नळाबद्दल काही सांगत नव्हता. एका जाड पुस्तकाबद्दल सांगत होता. लुबर्टना काहीतरी म्हणणं भाग होतं. त्यांनी घसा साफ केला. सगळे थांबले.

"सूप येत होतं," ते म्हणाले.

"माहीत आहे," अलैदा म्हणाली. "वाटाण्याचं होतं. बस, चीज खा."

एवढ्यावरच तो विषय संपला. फक्त निघताना तिर्झानं बापाला कोट देत म्हटलं, "आईला मी सांगणार नाही हं. तुम्हीच पत्र लिहा. सात आठवडे देते."

पाहुणे गेल्यावर लुबर्टनी टेबलाशी बसून पत्र बाराव्यांदा लिहिलं. दुसरा परिच्छेद गाळला. 'क्षमा कर' एकदाच ठेवलं, कुठल्या ठिकाणचं ठेवायचं हे ठरवायला अर्धा तास गेला. 'लेग'च्या जागी 'पाय' केलं. अलैदानं पाकीट पुढे सरकवलं. तिनं ते मार्चमध्येच आणून ठेवलं होतं.

कोपऱ्यावरच्या नारिंगी टपालपेटीला दोन फटी होत्या. डाव्या फटीवर जवळच्या भागांचे पिनकोड लिहिलेले, उजव्या फटीवर 'इतर सर्व'. राजाच्या वाढदिवसाची एक पताका गुरुवारपासून तशीच खांबाला अडकून होती. लुबर्ट पाकीट हातात धरून उभे राहिले. देवेंतर जवळ की इतर? आगगाडीनं बारा मिनिटं. पण पिनकोड वेगळा. डोळ्यांवर चष्मा सरकवून त्यांनी डावीकडचे आकडे वाचले, मग पाकिटावरचे वाचले, मग पुन्हा डावीकडचे. चुकीच्या ठिकाणी टाकलं तर काय होतं हे या वयाच्या माणसाला माहीत असायला हवं, असं वाटून त्यांचे कान पुन्हा तापले.

टपालाची गाडी येऊन थांबली. किल्ल्यांचा जुडगा घेऊन एक बाई उतरली.

"आजोबा, टाकताय की नुसते वाचताय?"

"देवेंतरसाठी कुठली?"

"कुठलीही. दोन्हीकडून पोचतं."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर एक दिवस उशीर. तसंही सोमवारी टपाल वाटत नाहीत." तिनं किल्ली हातात फिरवली. "घाईचं आहे का?"

लुबर्टनी विचार केला. खरं उत्तर द्यायचं असं त्यांनी ठरवलं होतं आणि आजचा पहिलाच दिवस होता.

"होतं," ते म्हणाले, आणि त्यांनी पत्र डाव्या फटीत टाकलं.